जळण्याचा जमाखर्च मांडणारा मक्तेदार

पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या विळ्यावर चढणारा तांबूस गंज, चिरून ठेवलेल्या वांग्याच्या फोडींचा काळवंडणारा गर, डब्याच्या तळाशी उरलेल्या शेंगदाण्यांना आलेला खवटपणा, समईची ज्योत आणि माणसाचा श्वास या साऱ्या गोष्टी एकाच कुळातल्या आहेत, असे सांगितले तर व्यवहारी माणसाला ते सहजासहजी पटणार नाही. ज्योत उष्ण आणि तेजस्वी, गंज थंड आणि मुका. श्वास तर जिवंतपणाचे लक्षण. शाळेच्या पुस्तकात या सर्वांना ऑक्सिडीभवन या एका नावाखाली बसवलेले असते आणि विद्यार्थी ते पाठ करून मोकळा होतो. परंतु यांतील मूळ नाते, म्हणजे जळणे, गंजणे आणि श्वसन यांचे नाते, प्रथम ज्याने सिद्ध केले त्याचा चरितार्थ रसायनशास्त्रावर चालत नव्हता. तो फ्रान्सच्या राजाचा करवसुलीचा मक्तेदार होता. आणि हे नाते त्याला दिसले ते बऱ्याच अंशी मक्तेदाराच्या, म्हणजे हिशेबनिसाच्या, नजरेमुळेच दिसले. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक या बिरुदाखाली आंत्वान लोरां लाव्हाझिए याच्या आयुष्याची ही बाजू सहसा झाकली जाते. ती उघडी केल्यावाचून त्याचे विज्ञान नीट कळत नाही आणि त्याचे मरणही कळत नाही.

लाव्हाझिएचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे झाला. बाप वकील, घर सुखवस्तू. पाच वर्षांचा असतानाच आई गेली आणि मावशीने त्याला वाढवले. घराण्याच्या रीतीप्रमाणे त्याने कायद्याची पदवी घेतली. पण मन रमले ते भूगर्भशास्त्रात आणि रसायनशास्त्रात. शहराच्या रस्त्यांवर दिवाबत्ती कशी करावी या विषयावरील निबंधाबद्दल १७६६ साली त्याला राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ साली, वयाच्या पंचविशीच्या आतच, तो विज्ञान अकादमीवर निवडला गेला; आणि त्याच वर्षी आईकडून आलेल्या वारशाच्या बळावर त्याने करवसुलीच्या मक्त्यात हिस्सा घेतला.

हा मक्ता म्हणजे काय हे मराठी वाचकाला फार फोड करून सांगावयास नको. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत परगण्यांची वसुली मक्त्याने देण्याची जी पद्धत बोकाळली, तिचेच हे फ्रेंच आणि अधिक नेटके रूप. श्रीमंतांच्या एका मंडळाने राजाला ठरलेली रक्कम द्यायची आणि त्या बदल्यात सहा-सहा वर्षांच्या कराराने मीठ, तंबाखू, जकात इत्यादींवरील कर रयतेकडून वसूल करायचे. ठरलेल्या रकमेच्या वर जे निघेल तो मंडळाचा नफा. मंडळाचे सशस्त्र पहारेकरी असत, त्यांना घरझडतीचा अधिकार असे. देशाच्या मोठ्या भागात माणशी ठरावीक मीठ विकत घेण्याची सक्ती होती. कोणाला ते लागो वा न लागो. १९३० साल ज्या देशाच्या स्मरणात आहे, त्या देशात मिठावरील कर माणसाला किती खोल झोंबतो हे वेगळे सांगण्याचे कारण नाही.

१७७१ साली लाव्हाझिएने जाक पोल्झ या आपल्या सहमक्तेदाराच्या मुलीशी लग्न केले. तो अठ्ठावीस वर्षांचा, मारी-आन अवघी तेराची. या मुलीने पुढे नवऱ्यासाठी इंग्रजी शिकून घेतले, त्याच्या विरोधकांचे ग्रंथ फ्रेंचमध्ये उतरवले, दाव्हिद या ख्यातनाम चित्रकाराकडे रेखनाचे धडे गिरवले आणि प्रयोगशाळेतील उपकरणांची आकृतिचित्रे स्वतः काढली. लाव्हाझिएला इंग्रजी फारसे येत नव्हते. इंग्लंडातील शोधांची खबर त्याला वेळेवर लागत गेली यात तिचा वाटा मोठा आहे, आणि विज्ञानाच्या इतिहासाने तो पुष्कळ उशिरा मान्य केला.

दिवसाची विभागणी ठरलेली असे. सकाळी सहा ते नऊ आणि सायंकाळी सात ते दहा रसायनशास्त्र, मधला वेळ मक्त्याच्या आणि सरकारच्या कामाला. आठवड्यातला एक दिवस मात्र पूर्ण प्रयोगांचा. १७७५ पासून सरकारी दारूगोळ्याच्या कारभाराची जबाबदारीही त्याच्यावर आली आणि तो शस्त्रागारातच राहावयास गेला. तिथे त्याने उभारलेली प्रयोगशाळा युरोपातील उत्तम प्रयोगशाळांपैकी एक होती. तिच्यातील तराजू पॅरिसच्या नामांकित कारागिरांनी घडवले होते आणि अतिशय सूक्ष्म फरक दाखवीत. असले तराजू स्वस्त नसतात. त्यांची किंमत मक्त्याच्या नफ्यातून येत होती.

त्या काळी जळण्याविषयी जे मत विद्वन्मान्य होते ते आज हास्यास्पद वाटते, पण ते तसे नव्हते. जळणाऱ्या प्रत्येक पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे श्टाल या जर्मन पंडिताच्या अनुयायांचे म्हणणे. लाकूड जळून मूठभर राख उरते, म्हणजे काही तरी निघून गेलेच! धातू भाजला की त्याचे भस्म होते, म्हणजे त्यातूनही फ्लॉजिस्टन गेले. भस्म कोळशाबरोबर तापवले की कोळसा आपले फ्लॉजिस्टन त्याला देतो आणि धातू परत मिळतो. इतक्या गोष्टी एका सूत्रात ओवणारी उपपत्ती टाकाऊ म्हणता येणार नाही. अडचण एकच होती. धातूचे भस्म मूळ धातूपेक्षा वजनाला जास्त भरते. ज्यातून काही निघून गेले त्याचे वजन वाढते कसे? रसायनज्ञांना हे ठाऊक होते आणि बहुतेकांना ते फार महत्त्वाचे वाटत नव्हते. रंग, वास, चव, ज्वाला हे गुण त्यांना महत्त्वाचे वाटत. वजन ही किरकोळ बाब. ज्याचे आयुष्य जमा आणि खर्च यांचा मेळ घालण्यात चालले होते, त्याला मात्र शिल्लक जुळत नाही ही गोष्ट किरकोळ वाटणे शक्य नव्हते.

१७७२ च्या शरद ऋतूत गंधक आणि फॉस्फरस जाळून त्यांचेही वजन वाढते हे त्याने पाहिले आणि १ नोव्हेंबर रोजी तशी नोंद मोहरबंद करून अकादमीकडे ठेवली. १७७४ साली त्याने काचेच्या बंद पात्रात कथील तापवले. कथलावर भस्माचा थर चढला. पण पात्रासकट केलेले वजन जसेच्या तसे राहिले. म्हणजे विस्तवातून काचेवाटे काही आत शिरले नव्हते. मग पात्राचे तोंड उघडले तेव्हा बाहेरची हवा सुसाटत आत गेली, आणि आत गेलेल्या हवेचे वजन कथलाच्या वाढलेल्या वजनाइतके भरले. कथलाने जे घेतले होते ते पात्रातल्या हवेतूनच घेतले होते. खात्याच्या एका बाजूला वाढ दिसली तर दुसऱ्या बाजूला तेवढीच घट असलीच पाहिजे, या साध्या हिशेबी निष्ठेने फ्लॉजिस्टनला लागलेला हा पहिला मोठा धक्का होय.

परंतु हवेतले नेमके काय? याचे उत्तर मिळाले ते उसने. ऑक्टोबर १७७४ मध्ये इंग्रज धर्मोपदेशक आणि रसायनज्ञ जोसेफ प्रीस्टली पॅरिसला आला असता, पाऱ्याचे तांबडे भस्म तापवून आपण एक विलक्षण हवा मिळवली आहे व तिच्यात मेणबत्ती प्रखर जळते, हे त्याने लाव्हाझिएच्या जेवणाच्या मेजावर सांगितले. स्वीडनमधील शेले या औषधविक्याने ही हवा त्याच्याही आधी मिळवली होती आणि त्याच सुमारास लाव्हाझिएला पत्र लिहून तशी कृती कळवली होती. लाव्हाझिएने हे प्रयोग केले, वाढवले, आणि १७७५ च्या ईस्टरला अकादमीपुढे निबंध वाचला, तेव्हा त्यात या दोघांचे नाव घेण्याची तसदी त्याने घेतली नाही. पुढे हायड्रोजन जाळला की पाणी होते हा कॅव्हेंडिशचा शोध त्याने १७८३ मध्ये घाईघाईने स्वतःच्या प्रयोगाने पडताळला, त्या वेळीही हीच तक्रार झाली. ग्रेनपर्यंत वजनाची नोंद ठेवणाऱ्या या माणसाच्या वहीत उसनवारीची नोंद मात्र नेहमी राहून जाई. ही चूक विसरभोळेपणाची म्हणावी असा त्याचा स्वभाव नव्हता.

तरीही उसन्या भांडवलावर त्याने उभारलेली पेढी त्याची स्वतःची होती, हे कबूल केले पाहिजे. प्रीस्टलीला ती हवा सापडली, पण तो अखेरपर्यंत फ्लॉजिस्टनला चिकटून राहिला. आपल्या हाती काय लागले आहे हे त्याला उमगले नाही. लाव्हाझिएने चार औंस पारा बंदिस्त हवेत बारा दिवस अखंड तापवत ठेवला. सुमारे पन्नास घनइंच हवेतील सात-आठ घनइंच नाहीशी झाली, पाऱ्यावर तांबडे भस्म साचले. उरलेल्या हवेत प्राणी गुदमरत आणि मेणबत्ती विझे. ते पंचेचाळीस ग्रेन भस्म गोळा करून अधिक तापवले, तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि नाहीशी झालेली सात-आठ घनइंच हवाही. ती उरलेल्या हवेत मिसळताच पुन्हा साधी हवा तयार झाली. जमा, खर्च आणि ताळा! यानंतर जळण्याच्या प्रश्नात गूढ असे फारसे उरले नाही. जळणे म्हणजे काही सोडणे नव्हे, हवेतल्या एका अंशाशी जोडले जाणे होय. लाकूड हलके होते कारण त्याचा जमा झालेला भाग धूर आणि वायू होऊन निघून जातो व कोणी तो मोजत नाही. गंजणे हे तेच, फक्त संथ. बंदुकीच्या दारूला जळण्यासाठी हवा लागत नाही, कारण तिच्यातील सोऱ्यातच हा अंश साठवलेला असतो. दारूगोळ्याच्या अधिकाऱ्याला ही गोष्ट उपयोगाचीही होती.

या अंशाला त्याने ऑक्सिजन हे नाव दिले. ग्रीक धातूंवरून त्याचा अर्थ आम्ल उत्पन्न करणारा. प्रत्येक आम्लात तो असतोच अशी लाव्हाझिएची समजूत होती आणि ती चुकीची होती. मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही हे डेव्हीने १८१० च्या सुमारास दाखवून दिले. नाव मात्र तसेच राहिले. मराठीतील प्राणवायू हा शब्द त्या दृष्टीने अधिक खरा आहे. ऑक्सिडीभवन या संज्ञेचेही पुढे असेच झाले. १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर तिचा अर्थ इतका रुंदावला की तिच्या नावातला ऑक्सिजनच ऐच्छिक ठरला. ज्या अणूने इलेक्ट्रॉन गमावले त्याचे ऑक्सिडीभवन झाले, ज्याने ते मिळवले त्याचे क्षपण झाले. आणि एकाचे गमावणे दुसऱ्याच्या मिळवण्यावाचून होऊच शकत नाही. चांदीच्या भांड्यावर येणारा काळा थर हे गंधकाचे संयुग आहे, ऑक्सिजनचे नव्हे, तरी चांदीपुरते ते ऑक्सिडीभवनच. विजेरीतून निघणारा प्रवाह म्हणजे या देवघेवीत मध्ये तार घालून घेतलेली दलाली. भट्टीत लोखंडाच्या खनिजातून धातू काढायचा म्हणजे कोळशाच्या नावे खर्च टाकून लोखंडाची बाकी वसूल करायची, आणि पुढे पावसात तेच लोखंड गंजते तेव्हा जुने खाते पुन्हा उघडते. इलेक्ट्रॉन लाव्हाझिएच्या स्वप्नातही नव्हता. पण दुनोंदी पद्धतीची ही मांडणी त्याला तात्काळ समजली असती.

१७८७ मध्ये तिघा सहकाऱ्यांसह त्याने रसायनशास्त्राची सारी परिभाषा नव्याने बांधली. १७८९ मध्ये त्याचा मूलभूत रसायनशास्त्रावरील ग्रंथ निघाला. त्यात तेहतीस मूलद्रव्यांची यादी आहे. तिच्यात प्रकाश आणि उष्णता यांनाही जागा दिलेली आढळते. कोणत्याही क्रियेत द्रव्य निर्माण होत नाही वा नष्ट होत नाही हे तत्त्व त्याने या ग्रंथात मांडले, तेही द्राक्षरस आंबण्याच्या विवेचनात, वाटेत जाता जाता. हिशेबनिसाला ते सिद्ध करण्याची गरज भासली नसावी. त्यावाचून वही लिहिताच येत नाही.

याच वर्षांत तो माणसाच्या देहाकडे वळला होता. लाप्लास या गणितज्ञासह १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजले, आणि तेवढाच कार्बनी वायू देणाऱ्या कोळशाने किती वितळतो याच्याशी ताडून पाहिले. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण जवळ आले. श्वसन हे मंद ज्वलन आहे आणि अन्न हे त्याचे इंधन, हा निष्कर्ष त्यातून निघाला. पुढे आर्मां सेगँ या तरुण साहाय्यकाने स्वतःवर प्रयोग करून घेतले. विश्रांतीत, जेवणानंतर, ओझे उचलताना माणूस किती प्राणवायू वापरतो याचे मोजमाप झाले. श्रमात तो कित्येक पटींनी वाढतो असे दिसले. तेव्हा लाव्हाझिएने आपल्या निबंधात एक प्रश्न उपस्थित केला. जो हमाल दिवसभर आपला देह जाळतो त्याच्या ताटात कमी आणि ज्याला श्रम नाहीत त्याच्या ताटात जास्त, ही वाटणी कशी? निसर्गाचा हा दोष नव्हे, समाजव्यवस्थेचा आहे असे त्याचे म्हणणे होते, आणि नव्या क्रांतीकडून तो दूर होण्याची आशा त्याने व्यक्त केली.

रसायनशास्त्राच्या निबंधात असा प्रश्न यावा ही थोर गोष्ट आहे. परंतु त्या हमालाच्या भाकरीतील मिठावर आणि शहराच्या वेशीतून आत येणाऱ्या त्याच्या दारूच्या पिंपावर जो कर होता, त्याचा नफा निबंधकाराच्या तिजोरीत जात होता, हेही त्याच वहीत लिहिले पाहिजे. लाव्हाझिएने ते लिहिले नाही. पॅरिसमध्ये खपणारा माल आणि कर भरून आत येणारा माल यांचा मेळ बसत नाही हे त्याच्या लक्षात आले होते. तूट म्हणजे चोरटी आयात, असा निष्कर्ष त्याने काढला आणि उपाय सुचवला तो शहराभोवती भिंत बांधण्याचा. काचेच्या बंद पात्रात कथील तापवणाऱ्याची ही बुद्धी होय. हिशेब जुळायचा तर पात्र बंद हवे. १७८० च्या दशकात सुमारे चोवीस किलोमीटर लांबीची ती भिंत उभी राहिली, भव्य नाक्यांसकट. पॅरिसकरांचा तिच्यावर इतका राग होता की जुलै १७८९ मध्ये बास्तील पडण्यापूर्वीच तिचे नाके पेटले. मारा या जहाल पत्रकाराने, ज्याच्या अग्निविषयक संशोधनाला लाव्हाझिएने पूर्वी तुच्छ लेखले होते, पॅरिसची हवा कोंडणारा माणूस म्हणून त्याच्यावर आग पाखडली. हवेचे रहस्य उलगडणाऱ्यावर हा आरोप यावा!

वस्तुतः क्रांतीला नको असलेला माणूस तो नव्हता. ब्ल्वाजवळच्या आपल्या शेतावर त्याने वर्षानुवर्षे पिकांचे आणि जनावरांचे हिशेब ठेवून उत्पन्न वाढवले होते. दुष्काळात त्या गावाला धान्यासाठी बिनव्याजी पैसे दिले होते. १७९१ साली त्याने राष्ट्रसभेच्या करसमितीपुढे फ्रान्सच्या भूमिसंपत्तीचा अंदाज मांडला आणि सभेने तो छापवला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा लहानसा ग्रंथ अवश्य लक्षात ठेवावा. नांगराच्या जनावरांनी खाल्लेला चारा आणि पेरणीचे बियाणे उत्पन्नात धरले तर एकच वस्तू दोनदा मोजली जाते, म्हणून ते वजा करून निव्वळ उत्पन्न काढले पाहिजे, हा राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेतील पायाभूत विचार त्यात आहे. पुन्हा तोच माणूस, तीच वही! नव्या दशमान मापांच्या समितीतही तो होता आणि ठरावीक घनफळाच्या पाण्याचे नेमके वजन काढण्याचे काम त्याने आयुई या शास्त्रज्ञाच्या जोडीने केले.

मक्ता १७९१ मध्ये रद्द झाला, पण मक्तेदारांचे हिशेब मिटले नव्हते. ऑगस्ट १७९३ मध्ये अकादमी बंद झाली आणि नोव्हेंबरात मक्तेदारांच्या अटकेचा हुकूम निघाला. काही दिवस लपून राहून लाव्हाझिए सासऱ्यासह स्वतः हजर झाला. हिशेब पुरे करून देण्यासाठी त्यांना मक्त्याच्या जुन्या कचेरीतच कोंडण्यात आले. हिशेब बिनचूक असतील तर धोका नाही, अशी त्याची समजूत असावी. तंबाखूत वाजवीपेक्षा जास्त पाणी घातले, व्याज जास्त लावले, सरकारचे पैसे अडकवून ठेवले, हे आरोप होते आणि त्यांना उत्तरे देता येण्यासारखी होती. पण न्यायासनासमोर प्रत्यक्षात उभा केला गेला तो फ्रान्सच्या शत्रूंशी संगनमत केल्याचा आरोप. त्याला पुरावा नव्हता आणि पुराव्याची कोणी वाटही पाहिली नाही. ८ मे १७९४ रोजी एकाच दिवसात खटला चालला, शिक्षा झाली आणि अठ्ठावीस मक्तेदार क्रांतिचौकात गिलोटिनखाली गेले. तिसरा पोल्झ, चौथा लाव्हाझिए. प्रजासत्ताकाला विद्वानांची गरज नसल्याचे जे वाक्य न्यायाधीशाच्या तोंडी घातले जाते, त्याला तत्कालीन कागदपत्रांत आधार नाही. आणि ते खोटे ठरल्याने प्रकार सौम्य होत नाही. त्याला मारले ते विद्वान म्हणून नव्हे, मक्तेदार म्हणून. ज्या गुन्ह्यासाठी मारले तो त्याने केला नव्हता, आणि जे केले होते ते राजाच्या कायद्याने गुन्हा नव्हते. मिठाची सक्ती सोसणाऱ्या खेडुताचे देणे यांपैकी कोणत्याच वहीत नोंदले गेले नाही.

त्यानंतर तीन महिने व्हायच्या आतच रोबेस्पिएरचा अंमल संपला. १७९५ मध्ये लाव्हाझिएची शिक्षा अन्यायाची ठरवून जप्त केलेली मालमत्ता विधवेला परत देण्यात आली. मारी-आनने एकाच दिवशी बाप आणि नवरा गमावला होता. स्वतःही काही काळ तुरुंग पाहिला होता. तिने नवऱ्याचे अपुरे राहिलेले लेख छापून काढले. १८०५ मध्ये तिने काउंट रम्फर्डशी लग्न केले. उष्णता हे द्रव्य नव्हे हे तोफा कोरण्याच्या कामावरून दाखवणारा, म्हणजे पहिल्या नवऱ्याच्या यादीतील एक मूलद्रव्य खोडणारा, तो हाच. ते लग्न चार वर्षेच टिकले. मारी-आन १८३६ पर्यंत जगली, आणि लाव्हाझिए हे नाव तिने सोडले नाही. शस्त्रागारातल्या प्रयोगशाळेतील तराजू, वायुपात्रे आणि बर्फाची ती उष्णतामापके आज पॅरिसच्या कला व तंत्रविद्या संग्रहालयात ठेवलेली आहेत.